इंजिन बदलताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: जुना घ्यावा की नवा?

इंजिन ठरलं, माउंट ठरले, एक्झॉस्ट कुठून काढायचा तेही ठरलं. मग कुणीतरी विचारतं, "गिअरबॉक्स कुठला टाकतोयस?" आणि उत्तर येतं, "बघू, हाताशी एक पडलाय." घोडं पेंड खातं ते इथेच.

गिअरबॉक्स कधी एकटा येत नाही. त्याच्यामागून कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलातून बॉक्सला देणारा डबा), फ्लेक्सप्लेट (त्याला इंजिनाच्या क्रँकशी जोडणारी चकती), क्रॉसमेंबर (बॉक्सला खालून धरणारी आडवी पट्टी), प्रोपेलर शाफ्ट (मागच्या एक्सलला जोर पोचवणारा दांडा), कूलर, शिफ्टर, वायरिंग आणि स्पीडोमीटरची सोय अशी सगळी वरात येते. फुकटात मिळालेल्या जुन्या बॉक्सची वरात नव्या बॉक्सपेक्षा महाग पडल्याचं मी पाहिलंय. स्वस्तात मिळालेला नवा बॉक्स वायरिंगपायी वर्षभर कोपऱ्यात पडून राहिलेलाही पाहिलाय. म्हणून "जुना की नवा" हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि आधी दोन गोष्टी पक्क्या करा. गिअर बदलायचा हुकूम कोण देणार? आणि मागच्या एक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे किती फेरे) किती? या दोन उत्तरांतून निम्मे पर्याय आपोआप गळतात.

उदाहरणं मी बहुतेक जनरल मोटर्सच्या घराण्यातली घेतोय. त्यांचं एलएस नावाचं व्ही८ इंजिन स्वॅपसाठी, म्हणजे असं बदलून टाकण्यासाठी, सर्वात जास्त वापरलं जातं आणि त्या एकाच इंजिनामागे १९६० च्या दशकातल्या तीन गिअरवाल्यापासून आजच्या दहा गिअरवाल्यापर्यंत काहीही लावता येतं. हिशेब मात्र फोर्डला, क्रायस्लरला किंवा झेडएफ या जर्मन कंपनीच्या बॉक्सलाही तोच.

हुकूम कोणाचा?

जुन्या बॉक्समध्ये सगळा कारभार तेलाच्या दाबावर चालतो. आउटपुट शाफ्टकडून फिरणारा गव्हर्नर गाडीचा वेग दाबाच्या रूपात सांगतो. दुसऱ्या बाजूने इंजिनावर भार किती आहे त्याचा दाब येतो. व्हॉल्व्ह बॉडीत (तेलाच्या वाटा उघडणारा-बंद करणारा भाग) या दोघांची रस्सीखेच चालते, वेग जिंकला की वरचा गिअर पडतो. भार कळण्यासाठी टर्बो-हायड्रामॅटिक ३५० आणि ४०० (पुढे नुसतं टर्बो ३५०, टर्बो ४००) मध्ये व्हॅक्यूम मॉड्युलेटर असतो, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डवरून एक नळी आणावी लागते. किकडाउनसाठी (पेडल जोरात दाबलं की खालचा गिअर पडण्यासाठी) ३५० ला केबल लागते आणि ४०० ला विजेचा स्विच. "जुन्या बॉक्सला काहीच जोडावं लागत नाही" असं सांगणाऱ्याने बहुधा तो स्वतः जोडलेला नसतो.

७००आर४ आणि २००-४आर या चार गिअरवाल्या बॉक्समध्ये व्हॅक्यूमची जागा टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबलने घेतली. ही थ्रॉटलला जोडलेली केबल नुसती किकडाउनची नाही. गिअर कधी पडायचा आणि क्लच किती दाबाने धरायचे, दोन्ही तीच ठरवते. ती सैल राहिली तर गाडी चालते, गिअरही लवकर-लवकर आणि मऊ पडतात, चालवणारा खूश होतो. आत मात्र क्लच अर्धवट दाबाने घसरून जळत असतात. केबल ओढली जाण्याचं अंतर आणि तिचा कोन मूळ कार्ब्युरेटरसाठी आखलेले आहेत. दुसरा कार्ब्युरेटर किंवा इंजेक्शनचा थ्रॉटल बॉडी लावला की भूमिती बिघडते. त्यासाठी योग्य ब्रॅकेट मिळत असेल तरच या बॉक्सच्या वाटेला जा.

१९९३ मध्ये ७००आर४ चंच इलेक्ट्रॉनिक रूप आलं, ४एल६०ई. गव्हर्नर आणि टीव्ही केबल गेली, सोलेनॉइड (विजेवर चालणारे व्हॉल्व्ह) आले, हुकूम कंप्युटरकडे गेला. १९९१ चा ४एल८०ई हा तसाच टर्बो ४०० चा वारस, वर ओव्हरड्राइव्ह (इंजिनापेक्षा शाफ्ट जास्त फिरवणारा वरचा गिअर) चढवलेला. नावं वाचायला सोपी आहेत. ४ म्हणजे पुढचे गिअर, एल म्हणजे गाडीच्या लांबीला समांतर बसणारा, ६० किंवा ८० ही ताकदीची पायरी आणि ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक.

आता तुमच्या इंजिनाकडे बघा. पहिल्या पिढीचं एलएस, ज्याच्या क्रँकवर २४ दात्यांचं रिलक्टर (सेन्सरला फेरे कळवणारं चक्र) असतं, ते मूळ कंप्युटर आणि हार्नेससह (वायरिंगचा जुडगा) आणलं असेल तर तोच कंप्युटर ४एल६०ई किंवा ४एल८०ई चालवतो. एकातून दुसऱ्यावर जायचं असेल तर कंप्युटरमधला गिअरबॉक्सचा भाग पुन्हा प्रोग्रॅम करायचा आणि कनेक्टरच्या वायरी बदलायच्या. अशा वेळी मुद्दाम जुना बॉक्स शोधत बसणं म्हणजे हातातला फायदा सोडणं. कार्ब्युरेटरवरच्या इंजिनामागे इलेक्ट्रॉनिक बॉक्स हवा असेल तर स्वतंत्र कंट्रोलर घ्यावा लागतो आणि थ्रॉटलवर पोझिशन सेन्सर बसवावा लागतो. बॉक्सला भार कळायला दुसरा मार्ग नाही.

६एल८० पासून गणित आणखी बदलतं. २००६ मध्ये आलेल्या या सहा गिअरवाल्याचा कंप्युटर त्याच्या पोटातच, व्हॉल्व्ह बॉडीवर, तेलात बसलेला असतो. तो इंजिनाच्या कंप्युटरशी कॅन बसवरून (गाडीतल्या कंप्युटरांना आपसात जोडणाऱ्या वायरी) सतत बोलतो, आत्ता टॉर्क किती आहे ते विचारतो आणि गिअर बदलताना क्षणभर टॉर्क कमी करायला लावतो. २४ दात्यांच्या काळातला कंप्युटर त्याच्याशी थेट बोलू शकत नाही. त्याला ५८ दात्यांच्या इंजिनाचा पुढचा कंप्युटर हवा. म्हणून ६एल८० घ्यायचा तर एकाच गाडीतून इंजिन, बॉक्स, दोन्ही कंप्युटर, हार्नेस आणि गॅस पेडल असा अख्खा संच उचला. झेडएफचा आठ गिअरवाला ८एचपी आणि दहा गिअरवाले यांना तर हे दुप्पट लागू. त्यांच्यात एक क्लच सोडता-सोडता दुसरा धरायचा असतो आणि इंजिनाकडून येणारा टॉर्कचा आकडा चुकला की धक्के तरी बसतात नाहीतर क्लच तरी घसरतात.

कागद-पेन्सिल घेऊन बसा

टायरचा बाहेरचा व्यास ७० सेंटिमीटर धरू. परिघ सुमारे २.२ मीटर. ताशी १०० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १६६७ मीटर, म्हणजे चाकाचे ७५८ फेरे. याला एक्सलच्या रेशोने आणि वरच्या गिअरच्या रेशोने गुणलं की इंजिनाचे फेरे मिळतात.

टर्बो ३५० चे रेशो २.५२, १.५२ आणि १. मागे ३.७३ चा एक्सल असेल तर ताशी १०० ला इंजिन २८२५ च्या आसपास फिरणार, शिवाय कन्व्हर्टरची घसरण वेगळी. तासभर तसंच चालवून बघा, कान सांगतील. ७००आर४ आणि ४एल६०ई चे रेशो ३.०६, १.६३, १ आणि ०.७०. त्याच एक्सलवर तोच वेग १९८० फेऱ्यांत.

खरी गंमत पुढे आहे. टर्बो ३५० मागे ३.७३ लावलं तर पहिल्या गिअरचा एकूण रेशो ९.४० येतो. ७००आर४ मागे ३.०८ लावलं तर ९.४२. म्हणजे उभ्या जागेवरून सुटताना दोन्ही गाड्या जवळपास सारख्याच खेचणार. ताशी १०० ला मात्र एक २८२५ वर ओरडतेय आणि दुसरी १६३५ वर शांत चाललीय. ओव्हरड्राइव्हचा फायदा फक्त वरच्या गिअरमध्ये आहे असं धरून चालतात, पण तो एक्सलमार्गे पहिल्या गिअरपर्यंत पोचतो. मागचा एक्सल बदलायचा नसेल आणि तो ३.०८ सारखा लांब रेशोचा (म्हणजे आकडा लहान) असेल, तर टर्बो ३५० ने गाडी सुस्त वाटेल. दोष मात्र इंजिनाच्या माथी जाईल.

६एल८० ला पहिला गिअर ४.०२ आणि सहावा ०.६७. मागे ३.७३ ठेवलं तर पहिल्याचा एकूण रेशो १५. ताशी ४८ च्या आसपासच ५५०० फेरे होतात, पहिला गिअर सुरू होतो न होतो तोच संपतो. या बॉक्सला ३.०८ किंवा त्याच्या जवळचा एक्सलच शोभतो. नवा बॉक्स घेताना जुन्या काळचा "मागे आखूड रेशो टाक, गाडी पळेल" हा सल्ला विसरायचा.

एक बाजू जुन्याचीही आहे. ७००आर४ मध्ये पहिल्यातून दुसऱ्यात जाताना फेरे ५३ टक्क्यांवर येतात, ५००० वरून थेट २६६५. टर्बो ३५० मध्ये ते ३०१५ वर थांबतात. वरच्या फेऱ्यांतच जोर असलेल्या कॅमच्या इंजिनाला ती दरी जाणवते. सहा गिअरवाल्यात पहिली पायरी ५९ टक्क्यांवर आणि पुढच्या पायऱ्या त्याहून जवळजवळ, म्हणून तो कुठेच अडखळत नाही.

जागा आणि वजन

टनेल (बॉक्सवरचा गाडीच्या तळाचा उंचवटा) मोजताना बॉक्सची लांबी सगळे मोजतात, रुंदी कुणी मोजत नाही. नव्या बॉक्सची पॅन (खालचं तेलाचं भांडं) आणि बेलहाऊसिंगमागचा (इंजिनाला टेकणाऱ्या घंटेसारख्या तोंडामागचा) भाग जाड असतो. जुन्या गाडीचा टनेल तीन गिअरवाल्या सडपातळ बॉक्ससाठी वाकवलेला असतो. पत्रा कापायची तयारी नसेल तर ६एल८०, ८एचपी आणि बऱ्याचदा ४एल८०ई सुद्धा यादीतून काढा. ४एल८०ई कन्व्हर्टर आणि तेलासह शंभर किलोच्या पुढे जातो, जॅकशिवाय त्याच्या अंगाला हात लावू नका.

लहान पण कामाच्या दोन गोष्टी. २००-४आर ची एकूण लांबी आखूड शेपटीच्या टर्बो ३५० इतकीच आहे, त्यामुळे तो शाफ्ट बऱ्याचदा तसाच चालतो, फक्त क्रॉसमेंबर मागे सरकवावा लागतो. आणि टर्बो ३५०, ७००आर४, ४एल६०ई या तिघांच्या आउटपुटला २७ स्प्लाइन (दांड्यावरच्या खाचा), टर्बो ४०० आणि ४एल८०ई ला ३२. म्हणजे हलक्या घराण्यात योक (शाफ्टचं बॉक्समध्ये शिरणारं टोक) परत वापरता येतो, जड घराण्यात गेलात की नवा.

शाफ्टची लांबी गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना मोजा, लिफ्टवर लोंबकळताना नव्हे. योक पूर्ण आत ढकलून २० ते २५ मिलिमीटर मागे घ्या आणि तिथून मोजा. बॉक्सचा उतार आणि डिफरन्शियलच्या पिनियनचा चढ समान ठेवा. हे चुकलं की ठराविक वेगाला थरथर सुरू होते आणि माणूस उगाच चाकं बॅलन्स करत बसतो.

जुना बॉक्स, नवं इंजिन: तो १० मिलिमीटरचा घोळ

एलएस इंजिनाच्या मागचे बोल्ट जुन्या शेव्हरोलेट व्ही८ शी जवळपास जुळतात, वरचा एखादा बोल्ट सोडला तर. त्यामुळे टर्बो ३५० समोर धरला की बसल्यासारखा दिसतो. पण एलएसच्या क्रँकचा मागचा फ्लँज जुन्यापेक्षा सुमारे १० मिलिमीटर आत आहे. ती फट भरायला स्पेसर आणि लांब बोल्ट किंवा त्यासाठीच केलेला फ्लेक्सप्लेट लागतो. स्पेसर विसरलात तर कन्व्हर्टर पंपातून गरजेपेक्षा जास्त पुढे ओढला जातो आणि पंपाच्या गिअरवर त्याची पकड जेमतेम राहते. १९९९-२००० च्या काही लोखंडी हेडवाल्या ६.० लिटर इंजिनांचा क्रँक मात्र लांब आहे. म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नका, पट्टी लावून मोजा.

कन्व्हर्टर बसवणं हे अख्ख्या कामातलं सर्वात नाजूक पाऊल, म्हणून जरा थांबून सांगतो. बॉक्स तोंड किंचित वर करून ठेवा. कन्व्हर्टरमध्ये अर्धा-एक लिटर तेल ओता, त्याच्या मानेला तेलाचं बोट फिरवा आणि शाफ्टवर सरकवा. आता दोन्ही हातांनी आत दाबत गोल फिरवा. एक "टक" होईल आणि तो थोडा आत जाईल. फिरवत राहा, दुसरा "टक". इथे बरेच जण थांबतात. तिसरा "टक" पंपाच्या गिअरचा असतो आणि तो हाताला जाणवतो, जणू जड दार कडीत बसलं. तो झाल्याशिवाय बॉक्सला हात लावू नका.

मग बेलहाऊसिंग इंजिनाला नुसत्या हातांनी टेकलं पाहिजे, डोवेलवर (जागा नेमकी धरणाऱ्या खुंट्यांवर) सपाट. टेकत नसेल तर बोल्ट आवळून ओढायचं नाही. माझ्या पहिल्याच स्वॅपमध्ये मी ओढलं होतं. "थोडंसंच अंतर आहे, येईल" म्हणून चार बोल्ट पाळीपाळीने आवळले, इंजिन सुरू केलं, आणि तेलाचा दाब शून्य. सगळं परत खाली उतरवल्यावर पंपाच्या गिअरचे तुकडे माझ्या तळहातावर होते.

बेलहाऊसिंग टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरायला हवा आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत ३ ते ५ मिलिमीटर पुढे ओढावा लागायला हवा. अंतर शून्य असेल तर तिसरा टक राहिला. जास्त असेल तर स्पेसर किंवा वॉशरचं काम आहे.

वापरलेला बॉक्स घेताना

पॅन काढून दाखवत नसेल तर घेऊ नका. तळाशी करडा, मऊ लेप असतोच, तो चालतो. बोटाला टोचणारे चमकते कण, काळे तुकडे आणि करपट वास चालत नाही. ४एल६०ई चालत्या गाडीत बघायला मिळाला तर एक खूण लक्षात ठेवा. पहिला आणि तिसरा आहे, पण दुसरा, चौथा आणि रिव्हर्स नाही, म्हणजे आतली सन शेल तुटलेली. तिसरा पडताना फेरे उडत असतील तर तिसऱ्या-चौथ्याचा क्लच गेलाय. ६एल८० मध्ये कन्व्हर्टर बिघडून त्याचा चुरा सगळीकडे पसरण्याचा धोका असतो, म्हणून जुना कन्व्हर्टर तसाच परत लावू नका. ४एल६०ई च्या वेगवेगळ्या वर्षांचे इनपुट शाफ्ट सारखे नाहीत, तेव्हा कन्व्हर्टर त्याच बॉक्सचा घ्या.

मी काय घेईन

शर्यतीच्या पट्ट्यावर सरळ पळायची किंवा रविवारी जवळपास फिरायची हलकी गाडी, कार्ब्युरेटरवरचं इंजिन: टर्बो ३५०, जोर फार असेल तर ४००. डोळे झाकून. कार्ब्युरेटर आहे, पण लांबचा प्रवासही आहे: २००-४आर किंवा ७००आर४, टीव्ही केबलची भूमिती नीट करून. यांच्या कन्व्हर्टरच्या लॉकअपला (त्याची घसरण थांबवणारा क्लच) वायर लागते, ब्रेक स्विचमधून जाणारी. "इलेक्ट्रॉनिक नाही" म्हणून ती न जोडता चौथ्यात पळवलं की तेल उकळतं. इंजेक्शनचं एलएस, मूळ कंप्युटरसह, रोजची गाडी: ४एल६०ई. तेच इंजिन टर्बो लावून किंवा ओझं ओढायला: ४एल८०ई, टनेल कापून.

सहा गिअरवाला किंवा त्यापुढचा मी एकाच अटीवर घेईन: अख्खा संच एकाच गाडीतला हवा आणि प्रोग्रॅमिंग करणारा माणूस आधी ठरलेला हवा. ही अट पूर्ण झाली तर त्याच्याइतकं सुख दुसऱ्यात नाही. सुट्या भागांतून जुळवायला बसलात तर बॉक्स चांगला असूनही तुम्हीच त्याला शिव्या घालाल.

पहिल्यांदा सुरू करताना

बिघडलेल्या बॉक्सबरोबरचा जुना कूलर धुऊन वापरू नका, नवा लावा. बारीक नळ्यांत अडकलेला चुरा धुण्याने निघत नाही, नव्या बॉक्समध्ये मात्र नेमका निघतो. तेल ८० अंशांच्या आसपास राहिलं तर टिकतं आणि १२० च्या वर वेगाने खराब होतं, तेव्हा रेडिएटरमधल्या कूलरशिवाय बाहेर एक हवेवरचा कूलर असावाच. ४एल८०ई असेल तर त्याचं वर्ष बघूनच नळ्या जोडा. १९९७ पासून परतीच्या नळीची जागा मागे गेली.

सुरू करण्याआधी चारेक लिटर तेल घाला. इंजिन चालू झालं की कन्व्हर्टर भसाभस तेल ओढतो, म्हणून नरसाळं डिपस्टिकच्या नळीतच राहू द्या आणि दुसऱ्याला बाटल्या घेऊन शेजारी उभं करा. ब्रेक दाबून प्रत्येक गिअर दोन-तीन सेकंद लावा आणि पुन्हा पातळी बघा. जनरल मोटर्सच्या बॉक्समध्ये ती इंजिन चालू, तेल गरम, पार्कमध्ये बघतात. क्रायस्लरच्या जुन्या टॉर्कफ्लाइटमध्ये न्यूट्रलला. ६एल८० ला बऱ्याच गाड्यांत डिपस्टिकच नसते. तिथे ठराविक तापमानाला पॅनवरचा बूच उघडून तेल नुसतं झिरपतंय का बघायचं.

टीव्ही केबलवाला बॉक्स असेल तर रस्त्यावर नेण्याआधी एकाला गॅस पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि स्वतः बॉनेटखाली वाकून बघा: थ्रॉटल पूर्ण उघडतो तेव्हा केबलही पूर्ण ओढली गेली पाहिजे. पहिली फेरी थोडक्यात आटपा, परत येऊन गाडीखाली पुठ्ठा अंथरा आणि सकाळी त्याच्यावर लाल डाग कुठे पडलाय ते बघा.